दिवा विझविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

शेतमालाच्या वाहतुकीत एके काळी बैलगाडीला जे स्थान होते ते आज पिकअप, टेम्पो आणि लहान मालवाहू गाड्यांना प्राप्त झाले आहे. नारायणगावचा टोमॅटो असो किंवा लासलगाव परिसरातील कांदा असो, शेतापासून बाजार समितीपर्यंतचा त्याचा प्रवास बहुधा शेतकऱ्याच्या स्वतःच्या अथवा गावातीलच कोणाच्या तरी गाडीतून होतो. अशी गाडी ऐन हंगामात घाटाच्या चढावर दम सोडून उभी राहिली, तर होणाऱ्या नुकसानीचा हिशेब गॅरेजच्या बिलापुरता मर्यादित राहत नाही. माल कोमेजतो, लिलावाची वेळ टळते, आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी भरावाच लागतो.

अलीकडच्या गाड्यांत असा प्रसंग येण्यापूर्वी बहुधा एक पूर्वसूचना मिळते. चालकासमोरील फळीवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळसर दिवा लागतो. या दिव्याच्या बाबतीत खेडोपाडी एक घातक रूढी पडत चालली आहे. दिवा लागला की गाडी गॅरेजात न्यावयाची, मिस्त्रीने स्कॅनर जोडून तो विझवावयाचा, किरकोळ रक्कम हाती द्यावयाची आणि गाडी पुन्हा कामाला जुंपावयाची. आठ-पंधरा दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. मग कोणीतरी एक सेन्सर बदलावयास सांगतो, दुसरा इंजेक्टर बदलावयास सांगतो. पैसे खर्च होतात. दिवा पुन्हा लागतो तो लागतोच. ही रूढी मोडणे शेतकऱ्याच्याच हिताचे आहे, आणि ती मोडण्याची सुरुवात शेतकऱ्यानेच केली पाहिजे.

दिवा कशासाठी असतो

आधुनिक इंजिनात इंधन किती फवारावे, केव्हा फवारावे, हवा किती घ्यावी, हे सर्व एक लहानसा संगणक ठरवितो. हवेचे वजन, पाण्याचे तापमान, इंधनाचा दाब, धुरातील प्राणवायू इत्यादींची मापे त्याला निरनिराळ्या सेन्सरांकडून सतत मिळत असतात. एखादे माप अपेक्षित मर्यादेबाहेर गेले, किंवा दोन मापांचा परस्परांशी मेळ बसेनासा झाला, की संगणक त्याची नोंद करतो. या नोंदीलाच गॅरेजमध्ये ‘कोड’ म्हणतात.

ही व्यवस्था मुळात प्रदूषणावर लक्ष ठेवण्यासाठी निर्माण झाली. अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या मोटारींना तिचे एकसारखे स्वरूप बंधनकारक झाले. भारतात १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यांचा अधिक कडक असा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यामुळे या नव्या गाड्यांत ही नजर अधिकच बारीक झाली आहे. हा प्रश्न केवळ मोटारींपुरता आहे असेही मानू नये. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि त्यांच्या इंजिनांतही संगणकाने प्रवेश केला. म्हणजे आज जे पिकअपच्या बाबतीत घडत आहे ते उद्या नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या बाबतीत घडणार आहे.

कोडचे स्वरूप समजण्यास कठीण नाही. आरंभीचे अक्षर ‘पी’ असेल तर दोष इंजिन किंवा गिअरबॉक्स यांच्याशी संबंधित असतो. त्यानंतरचा अंक शून्य असल्यास तो कोड सर्व कंपन्यांच्या गाड्यांत एकाच अर्थाचा असतो. तो अंक एक असल्यास त्याचा अर्थ त्या त्या कंपनीच्या पुस्तिकेत पाहावा लागतो. किरकोळ व क्षणिक विसंगतीने दिवा लागू नये यासाठीही योजना केलेली असते. बहुतेक दोषांच्या बाबतीत पहिल्या वेळी नोंद कच्ची राहते; पुढील फेऱ्यांतही तोच दोष आढळला म्हणजे ती पक्की होते व दिवा लागतो. दोष खरोखरच नाहीसा झाला असेल तर सलग तीन फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, आणि इंजिन ४० वेळा तापून थंड झाल्यानंतर नोंदही पुसली जाते. तात्पर्य, जो दिवा पुनःपुन्हा लागतो तो खोडीने लागत नाही. यंत्राने एकाच गोष्टीची अनेकदा खात्री करून घेतलेली असते.

पिवळे पान आणि पिवळा दिवा

पान पिवळे पडले की पिकास नत्र कमी पडले असे मानून युरिया टाकण्याची घाई अनेकजण करतात. परंतु पान अनेक कारणांनी पिवळे पडते. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला ते घेता येत नाही; पाणी साचून मुळांना हवा मिळत नाही; कधी मुळांना कुज लागलेली असते. यांपैकी कोणत्याही प्रसंगी युरियाचे पोते ओतले तरी पान हिरवे होणार नाही, आणि खताचा खर्च मात्र होईल. पिवळे पान हे लक्षण आहे. रोग कोणता हे जमीन, पाणी आणि मूळ तपासल्यावर कळते.

कोडचेही असेच आहे. पी ०३३५ हा कोड घ्या. क्रँकशाफ्टची गती मोजणाऱ्या सेन्सरच्या विद्युत्‌मार्गात दोष आहे, एवढेच तो सांगतो. विद्युत्‌मार्गात सेन्सर येतो, तशीच त्याची वायर, तिचा जोड, अर्थिंग आणि संगणकाकडील टोकही येते. धान्याच्या कोठाराशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदराने कुरतडलेली असेल, किंवा जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुताना जोडात पाणी शिरून पितळी पट्टीवर हिरवट गंज चढला असेल, तर नवा सेन्सर बसवूनही तोच कोड परत येईल.

पी ०१७१ या पेट्रोल गाड्यांतील कोडने असाच घोटाळा पुष्कळदा होतो. मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी आहे, असा त्याचा अर्थ. ही गोष्ट धुरातील प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरने कळविलेली असते; म्हणून पुष्कळ ठिकाणी तो सेन्सरच बदलला जातो. वाईट बातमी आणणाऱ्या निरोप्यालाच शिक्षा देण्यासारखा हा प्रकार आहे. सेन्सरने खरे तेच सांगितलेले असते. हवा मोजली गेल्यानंतर पुढे एखाद्या रबरी नळीला चीर पडून न मोजलेली हवा आत येत असते, किंवा पंपाचा वा फिल्टरचा दोष असल्याने इंधनच कमी पोचत असते.

या दोहोंतील भेद ओळखण्याची युक्तीही स्कॅनरमध्येच आहे. संगणक मिश्रण सुधारण्यासाठी इंधनाची मात्रा किती टक्के वाढवीत आहे हा आकडा स्कॅनरवर वाचता येतो. इंजिन उभ्या जागी संथ चालू असताना हा आकडा २० किंवा २५ टक्क्यांवर असेल आणि फेरे वाढविल्यावर जवळजवळ पूर्ववत होत असेल, तर हवा गळत असण्याचा संभव अधिक. याउलट संथ गतीत तो ठीक असून भार घेताच चढत असेल, तर इंधनाचा पुरवठा तपासावा. पाच मिनिटांच्या या निरीक्षणाने नको त्या सुट्या भागाचा खर्च वाचतो. मात्र त्यासाठी स्कॅनर कोड पुसण्याचे साधन म्हणून न वापरता इंजिनाची नाडी पाहण्याचे साधन म्हणून वापरला पाहिजे.

काजळीच्या जाळीचे उदाहरण

डिझेल गाड्यांच्या बाबतीत सर्वांत अधिक पैसा ज्या दोषापायी वाया जातो तो म्हणजे सायलेन्सरच्या मार्गातील काजळी अडविणाऱ्या जाळीचा. गॅरेजमध्ये तिला ‘डीपीएफ’ म्हणतात. ही जाळी धुरातील काजळी साठवते आणि योग्य वेळी ती जाळून टाकते. काजळी जळण्यासाठी धुराचे तापमान सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढावे लागते. त्याकरिता संगणक थोडे अधिक डिझेल उशिरा फवारतो आणि काही मिनिटे गाडी सलग व बऱ्या वेगाने चालणे आवश्यक असते.

शेतीच्या कामातील गाडीचा दिनक्रम नेमका याच्या उलट असतो. शेतातून गावात पाच किलोमीटर, गावातून संकलन केंद्रापर्यंत तीन किलोमीटर, क्रेट भरेपर्यंत इंजिन सुरू ठेवून उभी, पुन्हा परत. काजळी साठत जाते. ती जाळण्याची क्रिया सुरू होते न होते तोच किल्ली बंद केली जाते. अखेर पी २४६३, म्हणजे काजळी प्रमाणाबाहेर साठल्याचा कोड येतो आणि गाडी पिकअप घेईनाशी होते. कोड पुसल्याने काजळी जळत नाही, हे उघडच आहे. अपुऱ्या राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नात उशिरा फवारलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑईलमध्ये मिसळतो. ऑईल पातळ होते आणि बेअरिंगांना धोका उत्पन्न होतो. ऑईलच्या पट्टीवरील पातळी न भरताच वाढलेली दिसली, तर ती सुवार्ता न समजता या दोषाची खूण समजावी.

यापुढचा प्रसंग अधिक विचार करण्यासारखा आहे. जाळी साफ करून घेतली, गाडी लांबच्या फेऱ्याही करू लागली, तरी महिन्याभरात तोच कोड परत आला, तर बहुतेक ठिकाणी नवी जाळी बसविण्याचा सल्ला मिळतो. ही वस्तू फार महाग असते. परंतु जाळी भरली हा परिणाम आहे. ती इतक्या लवकर का भरली, हा खरा प्रश्न आहे. टर्बोकडून येणाऱ्या हवेच्या नळीला चीर असेल, ईजीआर व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल, किंवा एखादे नोझल थेंब गाळीत असेल, तर काजळी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक निर्माण होते. कधी कारण याहूनही क्षुल्लक असते. रेडिएटरच्या मार्गातील थर्मोस्टॅट उघडा राहिला तर इंजिन पुरेसे तापत नाही, आणि इंजिन तापल्याखेरीज संगणक काजळी जाळण्याची क्रिया सुरूच करीत नाही. अशा वेळी पी ०१२८ हा थर्मोस्टॅटचा कोड दुसऱ्या ओळीत मुकाट्याने नोंदलेला असतो. पण पहिली ओळ वाचून सर्व कोड एकदम पुसल्यामुळे तो कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. अल्प किमतीच्या एका झडपेपायी महागडी जाळी बदलली जाते, आणि नवी जाळीही त्याच वाटेने जाते.

हीच गोष्ट पी ००८७ या कोडची. इंधनाच्या रेलमध्ये दाब कमी आहे, असे तो सांगतो. एवढ्यावरून उच्च दाबाचा पंप उतरविण्याची घाई करू नये. शेतावर पिंपात साठविलेले डिझेल वापरणाऱ्यांनी तर प्रथम फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी काढून पाहावे, फिल्टर किती दिवस बदललेला नाही ते आठवावे, आणि टाकीपासून येणाऱ्या नळीतून हवा ओढली जात नाही ना, हे तपासावे. स्वस्त कारणे आधी तपासून बाद करावीत आणि महाग कारणांकडे शेवटी वळावे, हा निदानाचा पहिला नियम होय.

तपासणीचा क्रम

चिवट दोषाचा शोध घेताना काही क्रम पाळल्यास बहुतेक वेळा यश येते. तो क्रम मिस्त्रीने पाळावा आणि मालकाने त्याचा आग्रह धरावा.

पहिली गोष्ट, काहीही पुसण्यापूर्वी सर्व कोड कागदावर उतरवून घ्यावेत. कच्चे व पक्के दोन्ही. प्रत्येक पक्क्या कोडसोबत त्या क्षणीची स्थितीही साठविलेली असते: इंजिनाचे फेरे किती होते, पाण्याचे तापमान किती, वेग किती, भार किती. दोष थंड इंजिनात आला की चढावर आला, हे त्यावरून कळते. कोड पुसताच ही साक्ष नष्ट होते. बॅटरीची वायर काढून दिवा घालविण्याच्या गावठी उपायानेही ती नष्ट होते.

दुसरी गोष्ट, बॅटरी व अर्थिंग तपासावे. विश्रांतीतील चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो आणि इंजिन चालू असताना तो सामान्यतः साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान राहतो. हा पाया डळमळीत असेल तर एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सात कोड एकदम उमटतात. पुष्कळ सेन्सरांना ५ व्होल्टचा एकच सामायिक पुरवठा असतो. त्यांतील एकाची वायर घासून पत्र्याला टेकली तरी त्या मार्गावरचे इतर सेन्सरही खोटी मापे देऊ लागतात. म्हणून अनेक कोड एकाच वेळी आले तर अनेक भाग बिघडले असे समजू नये. त्यांचे सामायिक मूळ शोधावे.

तिसरी गोष्ट, डोळ्यांनी, हातांनी व कानांनी पाहणी करावी. एअर फिल्टर, हवेच्या नळ्या व त्यांचे क्लिप, वायरिंगचे जोड, गळती, उंदरांची घरटी यांची पाहणी कोणत्याही यंत्राविना करता येते. ऊसतोडणीच्या आणि मळणीच्या दिवसांत धुळीने एअर फिल्टर किती लवकर भरतो हे प्रत्येक चालकास ठाऊक आहे.

चौथी गोष्ट, संशयित भाग बदलण्यापूर्वी त्याची चाचणी घ्यावी. मल्टिमीटरने त्याच्यापर्यंत पुरवठा पोचतो की नाही, अर्थिंग मिळते की नाही आणि तो योग्य संकेत देतो की नाही, हे पाहावे. वायर हलवून पाहताना संकेत तुटतो का, हेही पाहावे. जो दोष कधी येतो आणि कधी जातो तो बहुधा जोडातच दडलेला असतो.

पाचवी गोष्ट, दुरुस्तीनंतर ती सिद्ध करावी. दिवा विझला म्हणजे दुरुस्ती सिद्ध होत नाही. संगणक निरनिराळ्या यंत्रणांच्या स्वतःच चाचण्या घेतो. कोड पुसला की त्यांपैकी बहुतेक ‘अपूर्ण’ दाखविल्या जातात आणि गाडी काही काळ वेगवेगळ्या स्थितींत चालल्यावर त्या पूर्ण होतात. संबंधित चाचणी पूर्ण होऊनही कोड आला नाही तरच काम झाले असे मानावे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांना तर ही माहिती विशेष उपयोगी आहे. दिवा नाही, कोड नाही, परंतु जवळजवळ सर्व चाचण्या अपूर्ण, असे स्कॅनरवर दिसले तर कोड नुकतेच पुसले असल्याचा किंवा बॅटरी काढली गेल्याचा संशय घ्यावा आणि सौदा करण्यापूर्वी गाडी काही दिवस चालवून पुन्हा तपासून घ्यावी.

दोन अपायकारक उपाय

चिवट कोडला कंटाळून काहीजण दोन मार्गांकडे वळतात. त्यांचा निषेध करणे अवश्य आहे.

पहिला, काजळीची जाळी फोडून काढणे आणि संगणकाची आज्ञावली बदलून दिवा कायमचा बंद करणे. याने रोगाचे लक्षण तेवढे झाकले जाते. चिरलेली नळी, गळणारे नोझल तसेच राहते, डिझेल अधिक जळते आणि काजळी घराच्या अंगणात, गोठ्यात व बाजाराच्या गर्दीत सोडली जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात मनमानी फेरफार करण्यास मनाई आहे, हेही विसरू नये.

दुसरा मार्ग खास शेतकऱ्यांच्या घरचा आहे. काही डिझेल गाड्यांत धुरातील नायट्रोजनची संयुगे कमी करण्यासाठी शुद्ध पाण्यातील ३२.५ टक्के युरियाचे द्रावण वापरतात. युरियाच तर आहे, मग पोत्यातला का नको, असे वाटणे साहजिक आहे. परंतु तो भ्रम आहे. या द्रावणाचा युरिया विशेष शुद्ध असतो. देशात तयार होणाऱ्या खताच्या युरियाला २०१५ पासून पूर्णतः निंबोळी तेलाचे आवरण देण्यात येते. ते जमिनीला उपकारक असले तरी बारीक नोझल आणि रासायनिक जाळी यांना मारक ठरते. विहिरीच्या पाण्यातील क्षारही तसेच. शिवाय अनुदानित खताचा बिगरशेती वापर कायद्याने निषिद्ध आहे.

निदानाला मजुरी हवी

चुका मिस्त्रीच्या पदरी घालून हा विषय संपत नाही. गॅरेजातील व्यवहार कसा चालतो याचा विचार केला म्हणजे दोषाचा मोठा वाटा ग्राहकाच्या सवयीकडे येतो. सुटा भाग बदलला की त्याची किंमत देण्यास कोणी कां-कूं करीत नाही, कारण नवी वस्तू डोळ्यांना दिसते. परंतु एखाद्या मिस्त्रीने दोन तास वायरिंग चाचपून एक गंजलेला जोड साफ केला व गाडी नीट केली, तर ‘काही बदलले तर नाही, मग पैसे कशाचे’ असा प्रश्न विचारला जातो. ज्या गावात डोक्याला मोल नाही आणि डब्यातल्या वस्तूला आहे, तेथे मिस्त्री डबेच विकणार. तो अप्रामाणिक असतो असे नाही. त्याच्या घरची चूलही पेटावयाची असते.

मातीचा नमुना तपासण्यात पैसे व दिवस घालविणे हेही एके काळी अनेकांना अनावश्यक वाटे. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली, आणि न तपासता टाकलेले खत महाग पडते हा विचार त्यानंतर गावोगावी पोचू लागला. वाहनाच्या बाबतीतही हाच विवेक हवा. गाडी गॅरेजात देताना मालकाने आरंभीच सांगावे की निदानाची मजुरी वेगळी दिली जाईल. भाग बदलण्यापूर्वी दोष कसा सिद्ध झाला ते दाखवावे. आणि बदललेला जुना भाग परत द्यावा. दोन तासांची मजुरी एका अनावश्यक सेन्सरच्या किमतीहून बहुधा कमीच भरते.

माहिती कुलपात नसावी

तथापि, मिस्त्री हुशार आणि ग्राहक समंजस असला तरी एक अडचण उरते. सर्वसामान्य कोड स्वस्त स्कॅनरवर वाचता येतात. परंतु कंपनीचे खास कोड, वायरिंगचे नकाशे, चाचणीतील योग्य मापे आणि नवा भाग संगणकास ओळखवून देण्याची सोय या गोष्टी बहुधा अधिकृत सर्व्हिस सेंटरपाशीच असतात, आणि ते सेंटर तालुक्याच्या गावापासूनही दूर असते. सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना नाकारणे हे निकोप स्पर्धेला बाधक आहे, असा निर्णय भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांच्या प्रकरणी दिला होता. त्यावर पुढे अपिलेही झाली. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. मोटारींबरोबर शेतीची अवजारेही तिच्या कक्षेत होती. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने तर शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा २०२३ साली केला व तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. ज्या यंत्रावर पेरणी-कापणीचा दिवस अवलंबून असतो त्याचे निदान करण्याची माहिती त्याच्या मालकापासून दूर ठेवता येणार नाही, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आपल्याकडेही ते व्यवहारात उतरणे इष्ट आहे.

कायद्याची वाट न पाहताही पुष्कळ करता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिक व डिझेल मेकॅनिक यांच्या शिक्षणात पाना-पक्कडीइतकेच महत्त्व मल्टिमीटरला मिळावे. कोड वाचण्यापेक्षा चालू मापे वाचण्यावर भर असावा. कृषी विज्ञान केंद्रांनी हंगामापूर्वी पंप व फवारणी यंत्रांची शिबिरे भरवावीत तशीच गाड्या व ट्रॅक्टर यांच्या तपासणीची भरवावीत, आणि त्यांत गावच्या मिस्त्र्यांना आवर्जून बोलवावे. गावचा मिस्त्री शहाणा झाला तर सबंध गावाच्या गाड्या शहाणपणाने चालतील.

मालकाचे काम

मालकाकडूनही थोडी शिस्त अपेक्षित आहे. गाडीत एक लहान वही ठेवावी. दिवा केव्हा लागला, किलोमीटर किती झाले होते, इंजिन थंड होते की तापलेले, माल किती होता, चढ होता की सपाटी, पाऊस होता काय, डिझेल कोठून भरले होते, एवढे लिहिण्यास दोन मिनिटे लागतात. मिस्त्रीच्या दृष्टीने अशी नोंद अर्ध्या निदानासारखी असते. दिव्यांतील भेदही चालकास ठाऊक असावा. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडीच्या चालीत फरक नसेल तर जपून चालवावी व लवकर तपासून घ्यावी. पेट्रोल गाडीत तो उघडझाप करू लागला तर सिलिंडरात इंधन नीट जळत नसल्याची ती खूण आहे. वेग व भार तत्काळ कमी करावा, अन्यथा सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळून जातो. ऑईलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागल्यास मात्र गाडी सुरक्षित जागी उभी करून इंजिन त्वरित बंद करावे. तेथे गॅरेजपर्यंत रेटण्याचा विचारही करू नये.

डिझेल गाडी रोज जवळच्याच फेऱ्या करीत असेल तर आठवड्यातून एकदा तरी ती सलग अर्धा तास बऱ्या वेगाने मोठ्या रस्त्यावर चालवावी. बाजारच्या दिवसाची फेरी त्यासाठी सोयीची पडते. भरण-उतरण होत असताना इंजिन विनाकारण चालू ठेवू नये. फिल्टर व ऑईल वेळेवर बदलावे. ऑईल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. आणि पुढच्या खेपेस दिवा लागला म्हणजे मिस्त्रीला ‘हा घालव’ असे न सांगता ‘हा का लागला ते शोध, शोधण्याची मजुरी देतो’ असे सांगावे. पैशाची बचत त्या एका वाक्यापासून सुरू होते.